तंबूत चढलेलं घड्याळ

प्रिय वल्लरी,

तू त्या दुपारी खरंच सहा हजार मीटरच्या वर उभी होतीस का? घड्याळ तू विश्वासाने माझ्याकडे तपासायला पाठवलंस, त्याला आठवडा झाला, आणि मला अजून उत्तर देता येत नाही.

मुनिरक्यातली आपली खोली तशीच आहे. तुझ्या कॉटवर आता माझे कपडे वाळतात. घरातली पहिली पदवीधर म्हणून मिरवत मी दिल्लीत आले आणि महिन्याभरात घरी परतायला बॅग भरली, तेव्हा तू दारात बसून राहिलीस. "मला ओलांडून जा," म्हणालीस. गिर्यारोहण संस्थेतली ही चढायांच्या नोंदी तपासण्याची नोकरीही तूच शोधून दिलीस, आणि वर मला 'मोजपट्टीबाई' म्हणायला लागलीस.

माथ्यावर तुझ्या घड्याळाने सहा हजार चार दाखवले. पण ते मोजतं हवेचा दाब, उंचीचा नुसता अंदाज बांधतं. हवा बिघडून दाब उतरला, की बसल्या जागी उंची वाढते. आदल्या रात्रीची नोंद मी उघडली. तू तंबूत झोपली होतीस आणि घड्याळ अडतीस मीटर चढलं होतं. सकाळी त्यात छावणीची उंची पुन्हा लावायची राहून गेली. माथ्यावर पोचेपर्यंत दाब सावरला असेल, तर तुझा आकडा खरा. नसेल, तर नाही. सोबतच्या भानुमतीच्या जीपीएसवर विसंबावं, तर उंची सांगताना तेही वीस-तीस मीटर इकडेतिकडे होतं. आणि सहा हजार पार केल्याशिवाय न मिळणारी तुझी प्रशिक्षकाची जागा एवढ्याशा फरकावर अडलेली.

आमचे खंडेराव सर म्हणाले, "घड्याळात आलंय ना? बस, लिहून टाक." लिहिलं असतं तर कुणीही विचारलं नसतं. गावात झालेल्या तुझ्या सत्काराचा, फेटा बांधलेल्या तुझ्या काकांचा फोटो तू पाठवलास, तेव्हा ती रात्रीची नोंद माझ्यासमोर उघडीच होती. तरी मी 'काकांचंही अभिनंदन' असं लिहिलं. ते मला अजून टोचतं आहे. नोंद पाहिल्याचं नाही टोचत, गप्प राहिल्याचं टोचतं.

संस्थेचं पत्र यायच्या आत तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. सहा हजार पार झाल्याचं सिद्ध होत नाही, न झाल्याचंही होत नाही, असा अहवाल आज सकाळी मी दिला. खाली सही माझी आहे.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
अक्षया