मागील निलंबन आणि दगडाबाईंचा खुंट

डोंबिवली (पूर्व),
२२ जानेवारी १९९५

चिरंजीव रघुनाथ यास मामाचे आशीर्वाद, आणि सूनबाईंस त्याहून थोडे अधिक (कारण पाकिटावरचा पत्ता त्यांच्या हातचा होता, आणि सबंध टपालात तेवढाच मजकूर निर्दोष होता).

तुझे नाताळातले पत्र पोहोचले. तू लिहितोस, ‘माझी तब्येत ठिक आहे.’ हे वाचून तुझी मामी निर्धास्त झाली. मी झालो नाही. ‘ठीक’मधला ‘ठी’ दीर्घ आहे, रघुनाथ. ज्याची तब्येत ऱ्हस्व ‘ठि’ने ठिक आहे त्याने डॉक्टरांस दाखवावे हे बरे. कॅनडातली थंडी सोसत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्हां उभयतांचे क्षेम आहे. माझ्या कण्याच्या अगदी शेवटच्या मणक्याविषयी पुढे ओघाने येईलच.

दिवाळीत मी तुजकडे, कारण न सांगता, पहाडी बर्फावर चालणाऱ्या स्कूटरीच्या मागील निलंबनाविषयी माहिती मागितली होती. तू छापील चार पाने पाठवलीस आणि विचारलेस, ‘मामा, डोंबिवलीत बर्फ पडू लागला का?’ प्रश्नचिन्ह योग्य जागी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. डोंबिवलीत बर्फ पडत नाही. (पडतो तो मासळीच्या पेटीतून, तोही वितळत.) प्रकरण ठाण्याचे आहे.

निवृत्तीपूर्वी मी ठाण्यास, कोपरीत, मराठी शिकवीत असे, हे तुला आठवत असेल. तिथल्या कोळीवाड्यातला दामाजी माझा विद्यार्थी (सातवी ब, वागण्यात सरळ, सामान्यरूपात वाकडा). हा गेल्या आश्विनात गोदीतल्या बेवारस मालाच्या लिलावास गेला. यादीत इंग्रजीत ‘स्कूटर, स्नो, नग एक’ असे छापले होते. ‘स्नो’ हे कंपनीचे नाव असावे अशा समजुतीने त्याने बोली लावली आणि माल पदरात पडला तेव्हा त्यास चाके नाहीत असे आढळून आले. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे एक लांबच लांब रबरी पट्टा. चाके कुणी चोरली म्हणून दामाजीने गोदीत जो गोंधळ घातला त्याचे वर्णन मी करीत नाही, कारण त्यातली क्रियापदे लिहिण्याजोगी नाहीत. परंतु न्यायाने पाहता दोष दामाजीचा नव्हे, स्वल्पविरामाचा आहे. तिथे संयोगचिन्ह असते तर पुढले काहीच घडले नसते.

आता दगडाबाई. या दामाजीच्या मातोश्री. खाडीत, ओहोटीला उघडा पडणारा चिखल जिथे संपतो तिथे, दगडाबाईंचा खुंट आहे, म्हणजे जाळे बांधण्याचा लाकडी खांब. (‘दगडाबाईंचा’ ही षष्ठी मालकीदर्शक आहे, आणि सगळा तंटा या षष्ठीचाच आहे.) त्यांच्या भाऊबंदांत रीत अशी, की पौष पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खुंटाच्या धन्याने जातीने जाऊन खुंटाला हात लावायचा. ज्याला जमले नाही त्याचा खुंट शेजारच्या खुंटवाल्याने धरायचा. शेजारचा खुंटवाला म्हणजे त्यांचा चुलत दीर गोमाजी. चिखल मांडीभर, आणि दगडाबाईंचे गुडघे गेल्या वर्षीच त्यांना सोडून गेलेले. मुलगा गेला तर चालत नाही. मुलाच्या पाठुंगळीस बसून गेले तरी चालत नाही (हे गोमाजीने मंडळींकडून आगाऊ वदवून घेतले होते). वाहनाविषयी मात्र रीत मौन पाळून होती, कारण त्या चिखलात वाहन कधी कुणी कल्पिलेच नव्हते.

दामाजीने कल्पिले. यंत्र चिखलावर घातले, आणि रघुनाथ, काय सांगू! लोण्यावरून सुरी फिरावी तसे ते फिरले. परंतु मागील एक स्प्रिंग मोडलेली होती. दामाजीने मातोश्रींना मागे बसवले, आणि पहिल्याच उंचवट्याला त्या यंत्राचा निरोप घेऊन, मांडी न मोडता, चिखलात विराजमान झाल्या. तेथूनच त्यांनी हाक दिली, “दाम्या, या गारीवर मी आता मेल्यावरच बसंन!” (कोळीवाड्यात ‘ड’चा ‘र’ होतो आणि गाडीची ‘गारी’ होते. हा ‘र’ मी सबंध हयातभर खोडत आलो. पण बर्फावरच्या वाहनास ‘गारी’ म्हणणे इतके समर्पक आहे, की लाल पेन मी मुकाट्याने खिशात ठेवले.)

दामाजी यंत्राचे इंग्रजी पुस्तक घेऊन मजकडे आला तो त्या संध्याकाळी. दुखणे ‘रिअर सस्पेन्शन’चे आहे असे मी निदान केले. यास मी ‘मागील निलंबन’ म्हणतो. मिस्त्री लोक ‘शॉकॅप’ म्हणतात. तो शब्द मराठी नव्हे, इंग्रजीही नव्हे, आणि तोंडात सुपारी असताना उच्चारू नये. आम्ही विठ्ठलवाडीच्या जगन मिस्त्रीकडे गेलो. तुझ्या चार पानांतली वायू भरलेली, पुढच्या दांड्याशी मागचा दांडा जोडलेली, वजनाला हलकी अशी सगळी निलंबने मी त्यास मराठीत वाचून दाखवली. तो म्हणाला, “आजोबा, हे सगळं मी बनवतो. फक्त परत वाचू नका.”

पहिली निवड रिक्षाच्या स्प्रिंगांची झाली. दगडाबाई बसेनात, तेव्हा परीक्षेसाठी मागे मी बसलो. माझे वजन सत्तेचाळीस किलो. उंचवटा आला, मी वर गेलो, यंत्र पुढे गेले, मी खाली आलो तेव्हा यंत्र तिथे नव्हते. (मणक्याचा उल्लेख केला होता तो इथला.) दुसरी निवड मालट्रकच्या लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांची. यावर काहीच उडाले नाही. काहीच हललेही नाही. बसल्या म्हशीने मान वर करावी तसे यंत्र नाक आभाळाकडे करून स्वस्थ राहिले. तेव्हा मी ती चार पाने पुन्हा उघडली, आणि पहिल्याच पानाच्या पहिल्याच ओळीत लिहिले होते, की निलंबन हे बसणाऱ्याचे वजन पाहून निवडावे. (पहिली ओळ मी प्रस्तावना समजून सोडली होती.) सबब दगडाबाईंचे वजन पाहिजे. मी शक्य तितक्या आडवळणाने, भावे प्रयोगात, पृच्छा केली.

“माजं वजन इचारतांव? घरच्या बायकोला इचारलंव कवा?”

“नाही,” मी म्हणालो.

“का नाय?”

मी छत्री उघडून पुन्हा मिटली. अखेर, माझी दया येऊन, त्यांनी स्वतःच सांगितले, “दोन पाट्या बोंबील नि वर एक पाटी कोलंबी. जास्ती नाय.” जगनने पाट्यांचे किलो केले, एक शीळ घातली, आणि मोटारसायकलीचे चार शॉकॅप काढले (शब्द त्याचा). मागे दोन मऊ, मध्ये दोन कडक. ही तिसरी निवड.

आता सहदेवाचे ऐक. हा दामाजीचा धाकटा भाऊ, एका निमसरकारी कार्यालयात शिपाई. दोन वर्षांपूर्वी दप्तरखान्याच्या गच्चीवर जवळा (म्हणजे अगदी बारीक कोलंबी) वाळत घातल्याबद्दल तो निलंबित झाला होता. शनिवारी यंत्र उचलण्यास त्याचे दंड हवे होते, म्हणून मी पीसीओवरून त्याच्या कार्यालयात फोन लावला. उचलला तो साहेबांनी.

मी म्हणालो, “सहदेवांकरिता निरोप आहे. मागील निलंबन काढून टाकण्यात आले आहे.”

“हो सर,” साहेब एकदम उभे राहिल्यासारखे वाटले. “कुणी काढलं, सर?”

“मी. फार कडक होते. मनुष्य जागचा हलत नसे.”

“खरंय सर. आम्ही तेव्हाच म्हटलेलं.”

“‘म्हटले होते’ म्हणा. नवे निलंबन शनिवारी आहे. ते मऊ असेल. त्यांनी समक्ष हजर राहावे.”

“नवं? सर, किती दिवसांचं?”

“जन्मभर पुरेल असे जगन म्हणतात.”

“जगनसाहेब कुठले, सर?”

“विठ्ठलवाडीचे,” मी म्हणालो आणि फोन ठेवला, कारण नाणे संपले होते.

इतके शुद्ध मराठी केवळ मंत्रालयातच बोलले जाते, अशी त्या साहेबांची प्रामाणिक समजूत होती (ती किती भोळी आहे हे मी शासकीय परिपत्रके वाचत असल्याने जाणतो). शुक्रवारी सायंकाळी कार्यालयाने सहदेवाचा निरोप समारंभ केला. शाल दिली, श्रीफळ दिले, साहेब सद्गदित होऊन बोलले की असे मऊ निलंबन फार थोड्यांच्या नशिबी असते. शनिवारी सहदेव कोपरीत आला तो शाल पांघरून, नारळ कवटाळून. “मास्तर, मी या खेपेला काय वाळत घातलं?” एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारी. त्याची समजूत पटेपर्यंत मोटारसायकलीचे शॉकॅप बसूनही गेले होते (शब्द आता माझाही झाला, याची मला लाज वाटते).

सोमवारी पौर्णिमा. दगडाबाई अद्याप ‘मेल्यावरच’ या शब्दाला धरून होत्या. इतक्यात गोमाजी दाराशी आला आणि साखरेत घोळून म्हणाला, “वैनी, कशाला दगदग? खुंट मी बघतंय की.” दगडाबाईंनी त्याच्याकडे पाहिले, लुगड्याचा काष्टा आवळला आणि म्हणाल्या, “दाम्या, गारी कार.” (‘ढ’चाही ‘र’च होतो.)

सहदेवाची शाल घडी करून आसनावर घातली. दगडाबाई मागे, दामाजी मध्ये. परंतु चढाला मागचे वजन पुढच्या घसरपट्ट्या उचलते, असे पान दुसरे सांगते. सबब पुढे थोडे वजन पाहिजे. फार नको, सत्तेचाळीस किलो पुरे. अशा रीतीने तुझा मामा, मराठीचा निवृत्त शिक्षक, यंत्राच्या नाकावर, धोतर खोचून, बंद छत्री भाल्यासारखी पुढे धरून, ठाण्याच्या खाडीत निघाला. रघुनाथ, ते वर्णन करण्यास मजजवळ विशेषण नाही! बगळे उडाले, चिखलातल्या निवट्या मासोळ्या उड्या मारीत बाजूला झाल्या, चिखलाची दोन कारंजी दोन्ही अंगांनी उठली. मी मोठमोठ्याने ओरडत होतो आणि मला आठवते त्याप्रमाणे ती सर्व केवलप्रयोगी अव्यये होती. मागून दगडाबाईंचा आवाज येई, “हान रं दाम्या, हान!” निलंबन असे चालले, की उंचवटे केवळ अफवा वाटाव्यात. मांडीभर चिखलातून रेटत निघालेल्या गोमाजीस आम्ही वाटेतच मागे टाकले. दगडाबाईंनी खुंटाला दोन्ही हात लावले, नारळ खाडीला वाहिला, आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मग डोळे पुसून परतीच्या वाटेवर, कमरेइतक्या रुतलेल्या गोमाजीस म्हणाल्या, “ये भावजी, बस मागं. सोरतंय घरा.” षष्ठी अबाधित राहिली. आम्ही परतलो.

तात्पर्य, मागील निलंबन निवडताना बसणाऱ्याचे वजन पाहावे, छापील पानाची पहिली ओळ वाचावी, आणि परदेशी मालाच्या नादी लागू नये. विठ्ठलवाडीत सर्व काही होते. तुझी चार पाने साभार परत पाठवीत आहे. सूनबाईंस पुन्हा आशीर्वाद. तुला, ‘ठीक’ दहा वेळा लिहून पाठवलेस की.

तुझा मामा

ता. क. ‘आम्ही परतलो’ या वाक्यात कर्ता केवळ माणसे आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. गोमाजी हा तीन पाट्या बोंबील आणि दोन पाट्या कोलंबी आहे. तो बसला आणि चारही शॉकॅप एकाच उद्गारात गेले. भरतीला त्याच्याच होडीतून आम्ही घरी आलो. यंत्र मागून ओढत आणले. ते सध्या गोमाजीच्या अंगणात उलटे असून सहदेवाने त्यावर जवळा वाळत घातला आहे.

ता. क. २. चार पाने परत पाठवीत नाही. तिसऱ्या पानावरचे, वायू भरलेले, जोडदांड्याचे निलंबन कृपया त्वरित पाठवावे. वजन लिहिताना गोमाजीचे लिहावे. दगडाबाईंनी त्यास दर ओहोटीला नेण्याचा शब्द दिला आहे.

ता. क. ३. त्यासोबत डोक्यात घालायचे शिरस्त्राण, मध्यम आकाराचे, एक पाठवावे. यातले काही मामीस कळू देऊ नये. मी कोपरीस व्याकरणाच्या शिकवणीस जातो, अशी तिची समजूत आहे.

रघु, मी मंजुळामामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. व्याकरणाच्या शिकवणीवरून माणूस चिखलाचं धोतर आणि पाटीभर बोय मासे घेऊन येतो होय रे? त्या टोप्या दोन पाठव. नाकावर हे बसू देत खुशाल, मागे मी बसणार. माझं वजन यांना माहीत नाही, कधी विचारलंच नाही, तेव्हा ते मी तुला वेगळं कळवीन. आणि बाळा, यांनी सगळ्या पत्रात तुझी तब्येत खरंच कशी आहे ते विचारलंच नाही. ठिक आहेस ना रे?