अकरा नंबरची मोरी

२ मे १९६६, सोमवार

रस्त्याच्या कामावरच्या इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांना तंबूसमोर जमवलं. एकवीस तारखेला बोईसर स्टेशनवरून तारापूरच्या अणुवीज केंद्राला मोठं यंत्र जायचं आहे. ट्रेलरवरून, आपल्या नव्या रस्त्याने. वजन साठ टन! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वाटेत खाडीवरचा छोटा पूल आहे, अकरा नंबरची मोरी.

३ मे

कुणाला सांगता येत नाही म्हणून वहीला सांगतो.

जानेवारीत अकरा नंबरच्या मधल्या खांबाचा खड्डा खणला. खाडीचा फाटा तो, ओहोटी असेल तेवढा वेळच काम. नियम असा की सात फुटांवर पोचलं की कारकुनाने, म्हणजे मी, स्वतः खाली उतरायचं आणि पहार पाच ठिकाणी ठोकायची. चार कोपरे आणि मध्य. खणकन वाजली तर खडक, भद वाजली तर अजून खणा. मी दोन कोपऱ्यांत ठोकली. दोन्ही खणखणीत. तेवढ्यात भरती फिरली, बांधावरून पाणी आत यायला लागलं. मला पोहता येत नाही. संगमनेरकडचा माणूस मी, एवढं पाणी पुरातच पाहिलेलं. मजुरांच्या टोळीतली पारू खड्ड्यात घमेलं भरत होती. म्हणाली, "दादा, हिकडं खाडीच्या अंगाला पन ठोक ना. हिकडं पाय रुततो."

मी म्हटलं, "वर चल आधी!" आणि वर येऊन लिहिलं — पाचही ठिकाणी कठीण खडक. खाली सही. पुंडलिक अमुक तमुक, छान वळणदार.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं. झाकली मूठ!

६ मे

आज एक गोष्ट लक्षात आली.

डोंगराकडची माणसं मोळ्या घेऊन बोईसरच्या बाजाराला जातात. नव्या रस्त्याने येतात ती येतात, पण अकरा नंबर आला की खाली उतरतात. जुन्या उतारातून, गुडघाभर चिखलातून पलीकडे जातात आणि पुन्हा रस्त्यावर चढतात. डोक्यावर मोळी असताना! इतके दिवस मला वाटायचं, जुनी सवय, दुसरं काय.

जिवल्याला विचारलं. टोळीचा म्होरक्या तोच, पारूचा सासरा. हसला. "तो खड्डा आमीच खनला ना बाबू. आमाला ठाव हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी लिवलं व्हतं ना. लिवलं मंजे बरोबरच असंल."

त्याने टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

८ मे, रविवार

सुट्टी. जिवल्याबरोबर जुनी गाडवाट पाहून आलो. जीव रमवायला म्हणून गेलो, झालं उलटंच.

नवा रस्ता व्हायच्या आधी तारापूर-चिंचणीकडून मिठाच्या आणि सुक्या मासळीच्या गाड्या याच वाटेने बोईसर स्टेशनला यायच्या. पुढे चिल्हारच्या बाजूने घाटाखालच्या गावांना. आता तिकडे अहमदाबादचा हमरस्ता झालाय आणि आपला रस्ता त्याला नेऊन जोडायचा आहे. जिवल्याचा आजा त्या गाड्यांच्या मागे चालायचा. भरलेली गाडी कधीच फाटा ओलांडत नसे. वाटेवरच्या चिंचेपाशी वळायची, फाट्याच्या डोक्याला वळसा घालून तीन फर्लांग लांबून यायची. फक्त पायी माणसं उतारातून.

"बैल उगाच फेरा घालील का, बाबू?"

आपल्याकडे कचेरीत नकाशावर पट्टी ठेवली आणि तीन फर्लांग वाचवले. पट्टीला काय माहीत, खाली काय आहे. ते बघायलाच तर मला खड्ड्यात उतरवलं होतं.

११ मे

खांबाच्या बुडाशी केसाएवढी चीर! जुनी की नवी? चिरेवर आडवी सिमेंटची पातळ पट्टी लिंपली. खांब हलला तर पट्टी तडकेल. साहेबांनीच एकदा शिकवलं होतं.

१२ मे

शाबूत.

१३ मे

शाबूत. रोलर गेला वरून, तरी शाबूत. दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१५ मे

साहेबांच्या तंबूपर्यंत गेलो. आतून आवाज — "कोण? पुंडलिकराव? या की." गेलो. म्हणालो, "रंगाचे डबे संपलेत." ते म्हणाले, "मागवू." बाहेर आलो.

लाज वाटते. नर्मदेचं पत्र आलंय. तिच्या माहेरी सगळ्यांना सांगत सुटलीय, आमच्या ह्यांनी अणूचा रस्ता बांधला म्हणून. नोकरी गेली तर कोणत्या तोंडाने संगमनेरला उतरू?

१७ मे

ट्रेलर मुंगीच्या पावलाने जाणार. दोन्ही बाजूंनी माणसं चालणार, हातात लाकडी उटी. चाक मागे सरकलं की खाली घालायची. साहेब म्हणाले, "जिवल्याची टोळी घ्या. नावं लिहा."

माझ्या हाताने लिहिली. जिवल्या, चिंतू, सोमी, पारू. जी माणसं रिकाम्या अंगाने त्या मोरीवर पाय ठेवत नाहीत, त्यांना मी साठ टनांच्या शेजारी उभं केलं. पारूचं पोर अजून अंगावर पितं. यादी वाचून दाखवली तर जिवल्या नुसता "बरं" म्हणाला. काय माणूस आहे!

१९ मे

पट्टी तडकली.

२० मे, अमावास्या

आज उधाण. पाणी मोरीच्या कमानीला टेकलं होतं. पाहवेना.

अर्ज लिहिला. मी दोनच ठिकाणी पहार ठोकली, पाच लिहिली, गाडी नेऊ नये. घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी देणार होतो. साहेब बोईसरला गेलेले. मी खूप शोधलं, असं मात्र म्हणवत नाही.

यादीतलं पारूचं नाव खोडलं, तिथे माझं घातलं. एवढंच जमलं.

२१ मे

गेली! गाडी गेली!!

पहाटेच्या ओहोटीला ट्रेलर अकरावर आला. मी खाडीच्या अंगाला, मागच्या चाकापाशी, उटी छातीशी धरून. कठडा थरथरला. पुढे जिवल्या, मान खाली, सरळ चालतोय. कुलदैवताला काय काय बोललो आठवत नाही. शेवटचं चाक पलीकडच्या खडीवर उतरलं आणि मी रस्त्यातच बसलो. चिंतूने पाणी दिलं.

मग खाली उतरून पाहिलं. खांबाच्या भोवती, खाडीच्या अंगाला, दगड! मोठमोठे, एकात एक ठासून बसवलेले, मधे बारीक चिपा. चिखल ताजा. आणि तडकलेल्या पट्टीवर चिखलाची चार बोटं.

जिवल्या म्हणाला, "चार ओहोट्या लागल्या. आमालाच चालायचं व्हतं ना तिच्यावरून."

त्याच्या पाया पडायला वाकलो तर मागे सरला. वर येऊन अर्ज फाडला, तुकडे खाडीत सोडले. सुटलो! आज झोपणार.

२४ मे

बाजारचा दिवस. मजेत कठड्यावर बसलो होतो. साहेब जीपमधून ओरडून गेले, एक तारखेपासून या रस्त्याने एसटी सुरू होतेय, बोईसर-तारापूर, रोज चार फेऱ्या.

मागून जिवल्याची माणसं आली. अकरापाशी थांबली. खाली उतरली. पारूने पोर डोक्याएवढं उंच धरलं आणि चिखलात पाय घातला.

मी वरून ओरडलो, "आता कशाला? दगड घातलेत ना तुम्ही!"

जिवल्याने मान वर केली. "ते एका गाडीपुरतं व्हतं, बाबू. पानकळ्याच्या पावसात जाईल वाहून."

मुक्कामावर येऊन अर्जासाठी पुन्हा कोरा कागद घेतला. या वेळी सही आधी केली. आता मजकूर लिहितो.