त्रेचाळीस काळे दाणे

प्रिय बाबा,

हे पत्र तुम्हीच वाचा, आईला वाचून दाखवायला सांगू नका. फोनवर तुम्ही "जेवलीस का?" विचारता आणि मी पुढचं काही बोलायच्या आत ठेवून देता, म्हणून लिहायला बसले आहे. जेवते आहे. तैपेईत थंडी कमी आहे.

डॉल्फिन वाचवणाऱ्या संस्थेकडून मी डबा घेऊन गावात आले होते, तेव्हा धक्क्यावर सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसला होतात. "चार वर्षं कॉलेजात घालवून आमची पोर दाणे मोजायला आली!" त्यावर आ-थियाओ काका म्हणाले, "मोजू दे रे. डॉल्फिनांच्या जिवावर पोट भरणारं गावात एक तरी माणूस असू दे." मीही हसले, कारण माझी युक्ती मला फार आवडली होती. डॉल्फिन म्हणजे समुद्राच्या देवीचा, मात्सूआईचा मासा; तो जाळ्यात मेला, तर आपल्याकडे कुणी बोलत नाही. अंगावर लाल कापड टाकायचं, दगड बांधायचा, हात जोडून पाण्यात सोडायचा आणि घरी येऊन गप्प बसायचं. म्हणून सरकारी कागदावर आपल्या किनाऱ्याचा आकडा दरवर्षी शून्य. या पट्ट्यात साठ-एक डॉल्फिन उरलेत. अभ्यासक म्हणतात, पाच-सात वर्षांत एखादाच मेला तर ते तगतील. पण खरे किती मरतात ते कुणालाच ठाऊक नाही. मग मी ओंग पुजारीआजोबांना सांगून देवळात बंद डबा ठेवला. नाव नको, सही नको, असा शब्द दिला. दर महिन्याला प्रत्येक होडीने सोयाबीनचा एक दाणा टाकायचा. कुणी मेला नसेल तर पांढरा, मेला असेल तर काळा.

वर्षाने डबा उघडला, तर त्रेचाळीस काळे. साठांतले त्रेचाळीस! मी आठवडाभर नीट झोपले नाही. शेवटी आ-थियाओ काकांनीच उलगडा केला. "अगं वेडे, डबा ठेवलास कुठे? मात्सूआईच्या पायाशी! तिथे यंदाचंच तेवढं कसं सांगायचं? मी माझे दोन टाकले आणि माझ्या बापाचा एक. तो बिचारा न सांगताच गेला." सगळ्या गावाने तसंच केलं होतं. चूक माझी. देवीसमोर माणूस एकाच वर्षाचं पाप कबूल करत नाही, हे मी पुस्तकातून नाही तर घरातूनच शिकायला हवं होतं. तुम्ही किती टाकलेत, ते मी विचारलं नाही.

सरकारी बैठकीत मत्स्यखात्याचे साहेब म्हणाले, "त्रेचाळीस? मग पुढच्या वर्षी प्रश्नच मिटला, बाई!" सगळे हसले. माझ्या संस्थेचे लोकही हसले. मी घोळ काय झाला ते खरं खरं सांगितलं. "म्हणजे यंदा एकही मेला नसेल?" "नसेलही." "झालं तर. काहीच निश्चित नाही. अजून तीन वर्षं मोजा." पहिल्या रांगेत मोठ्या बोटींचे मालक चहा पीत होते, त्यांनी माना डोलावल्या. नक्की कळत नाही म्हणून तोवर जाळी थांबवावीत, असं त्या खोलीत एकालाही वाटलं नाही. बाबा, न कळण्यातही कुणाची तरी सोय असते, हे मला पदवीच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी कागदावर एक ओळ लिहिली गेली: नाव, तारीख, जागा आणि पाहणारा माणूस असलेली एक तरी घटना मिळाली, तर फेरविचार करू.

तशी एक घटना माझ्याकडे होती. डबा ठेवण्याआधीचा बोई माशाचा हंगाम होता, सकाळी मी तुमच्याबरोबर होडीत होते. जाळ्यात डॉल्फिनचं मेलेलं पिल्लू होतं, अजून राखाडीच, पांढरं न झालेलं. मादी होडीभोवती फिरत होती आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून जाळं कापत होतात. मी वही काढली. तुम्ही म्हणालात, "ठेव ती, पोरी. हे आपलं आणि मात्सूआईचं." मी ठेवली. ज्या वहीचा मला पगार मिळतो ती मिटली, आणि अहवालात आपल्या होडीपुढे 'काही नाही' असं लिहिलं. दुपारी तुम्ही गाबोळी भाजून मला वाढलीत. मी खाल्ली. दुसऱ्यांना खरं बोला म्हणून सांगत गावभर फिरले, ती त्यानंतरच.

परवा मी ती घटना लिहून दिली. तारीख, जागा, होडीचा क्रमांक, तुमचं नाव, आणि पाहणारी म्हणून माझं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला कळू नये, म्हणून हे पत्र. पुढच्या आठवड्यात चौकशीला दोन माणसं येतील. परवाना बहुधा जाईल. जाळी किनाऱ्यापासून लांब न्यायला लावली, तर मोठ्या बोटी तिथवर जातील, आपली छोटी होडी पोचणार नाही. हे सगळं समजून मी सही केली. माफी मागत नाही, कारण मागितली तर तुम्ही माफ कराल. ते तुम्हाला एकच विचारतील: मुलगी म्हणते ते खरं का? तुम्ही नाही म्हणालात, तर होडी राहील, माझी नोकरी जाईल आणि शून्याचं शून्यच राहील. गावात कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. चौकशीच्या वेळी मला तिथे यायला मनाई आहे. तुम्हाला खोटं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. गप्प बसताना मात्र जन्मभर पाहिलं आहे.

तुम्ही म्हणाल तर अजूनही तुमचीच,
पेइ-वेन