कानात जाणारी तार

१८ नोव्हेंबर

मनालीने आज पुन्हा माझं टेबल बाल्कनीत ढकललं. लॅकरच्या वासाने तिचं डोकं दुखतं म्हणे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी दागिने करतेय आणि तेव्हापासूनच नणंदेचं डोकं दुखतंय. तिच्या परफ्यूमने माझं दुखतं, ते कोणी विचारत नाही.

१९ नोव्हेंबर

सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं — मनालीच्या हळदीचे झुमके भारती करणार. मला विचारायची गरज नाही!

मनालीने मोबाइलमधून मानही वर केली नाही. "वहिनीचं रंगकाम? माझे कान सडले तर काय, बोहल्यावर कापूस लावून बसू?"

कान तिचे खरंच नाजूक आहेत. सोनं सोडून काहीही घातलं की चिघळतात. बाकी नाजूक असं तिच्यात काही नाही.

२२ नोव्हेंबर

उल्हासनगरहून पितळी हुक आणले; वर लॅकरचा पारदर्शक थर चढवला की पितळ कानाला लागत नाही. दुकानदार म्हणे, "भाभी, आँख बंद करके ले जाओ." डोळे उघडे ठेवूनच घेतले. घरी येऊन स्पिरिटने पुसले, झुमक्यांना आंबापिवळा रंग दिला. रंग फार सुंदर बसलाय. तिच्यासाठी इतका सुंदर बसायला नको होता.

२६ नोव्हेंबर

आज केळवण. मनालीने अर्धवट झालेले झुमके उचलून मैत्रिणींना दाखवले. "आमच्या वहिनीचा टाइमपास. घरी बसून करणार तरी काय बिचारी!" सगळ्या खिदळल्या. नितीनही हसला. माझा नवरा!

बिचारी म्हणे.

२७ नोव्हेंबर

झुमक्यांवर लॅकरचे दोन हात दिले. हुकाच्या कानात जाणाऱ्या तारेवर दिला नाही. ती कोरीच ठेवली. लॅकर नसलं की घाम आणि हळद पितळेला लागणार, आणि पितळ तिच्या कानाला. सगळ्या पाहुण्यांसमोर कान लालभडक होऊन सुजतील. मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच नाही दिला.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. पोटभर जेवले.

३० नोव्हेंबर

झुमके डबीत घालून मनालीला दिले. तिने हुक बोटांत फिरवून बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "थँक्स, वहिनी." एवढंच. नाटकी कुठली!

४ डिसेंबर

हळद झाली. माझी नजर पूर्ण वेळ तिच्या कानांवर. काही झालं नाही! साधा लाल डागही नाही.

आत्याबाईंनी विचारलंच, "अगो, तुला चालतं का हे खोटं?" तर ही सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "वहिनीने केलंय, आत्या. स्पेशल माझ्यासाठी." बायका माझं कौतुक करायला लागल्या. मी ताट तसंच ठेवून उठले.

दुकानदाराने पितळ सांगून भलतंच काही दिलं की काय? संताप संताप झाला. नक्की कोणाचा, ते कळलं नाही.

६ डिसेंबर

मनाली काल बदलापूरला सासरी गेली. झुमके माझ्या टेबलावर ठेवून गेलीय. आज उजेडात धरून पाहिले. कानात जाणाऱ्या तारेवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर आहे — जाड, वेडावाकडा, टोकाला थेंब वाळलेला. हा हात माझा नाही.

म्हणजे डबी उघडली तेव्हाच तिला कळलं होतं. आणि तिने घरात कोणालाच सांगितलेलं नाही.