कौन्सिलपुढे आईची ओळख

बाबा, माझ्या पुस्तकाला परवानगी मिळाली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी आज लिहायला बसले. मी विद्यापीठात इथल्या, अमेरिकेतल्या मूळ जमातींचे कायदे आणि त्यांचा कारभार शिकवते. चँडलर शहरातल्या तुमच्या इंजिनिअर मित्रांना तुम्ही "ती लॉ शिकवते" एवढंच सांगून विषय बदलायचात, आणि मीही तो बदलू द्यायचे. हे पुस्तक एका जमातीच्या न्यायालयावर आहे. सहा वर्षांचं काम. पण त्यांच्याबद्दल लिहिलेलं त्यांच्या कौन्सिलने ऐकून हो म्हटल्याशिवाय छापायचं नाही, असा तिथला नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

मी कौन्सिलपुढे उभी राहिले आणि पदव्या, विद्यापीठ, लेख असं सांगत सुटले. कौन्सिलमधल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "हे तू काय केलंस ते झालं. तू कोणाची?" मी तुमचं नाव, तुमचं गाव सांगितलं. "ते वडील. आमच्यात आईकडून मोजतात. तुझ्या आईची आई कुठली?" मला सांगता येईना. वीस वर्षं मी हीच पद्धत वर्गात शिकवतेय! बाई हसल्या. "विचारून ये पुढच्या महिन्यात. मग वाच."

मी आईलाच घेऊन गेले. गाडीत तिचं सारखं चाललेलं, "अगं, मी काय बोलणार? माझं इंग्लिश म्हणजे आनंदीआनंद." आणि तिथे उभी राहून ती आपल्या मोडक्या इंग्लिशमध्ये आजी, पणजी, त्यांची माहेरं, कोणत्या विहिरीवरून कोण कोणाशी भांडलं, सगळं सांगतेय. थांबायचं नाव नाही. मी ओशाळून हळूच म्हटलं, "आई, पुरे." तर त्या बाई मलाच म्हणाल्या, "तू बस खाली. हिचं चालू दे." सगळी खोली हसतेय, आई सगळ्यांत जास्त. मग मी वाचलं. एक प्रकरण त्यांच्या पूजाविधींबद्दल होतं, ते त्यांनी काढायला सांगितलं. बाकीला हो म्हणाले. परतताना आई म्हणाली, "छान माणसं आहेत गं. तुझ्या बाबांनी मला कधी इतकं सलग बोलू दिलं नाही."

हे पत्र कुठे पाठवणार, ठेवून देईन. पण एक सांगायला हवं. अर्पणपत्रिकेवर सहा वर्षं तुमचं नाव होतं. काल ते काढून मी आईचं घातलं.