गिअरबॉक्सच्या दोन नळ्या

सोमवार, ४ मार्च

रेडिएटर गेला! चष्म्याचं दुकान बंद करून निघाले, चौकात थांबले आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ. खाली हिरवं डबकं. मागे हॉर्नचा नुसता कालवा. उतरून तरी काय करणार — कुबडी मागच्या सीटवर, डावा पाय कायमचा लोखंडी पट्ट्यांत जखडलेला. शेवटी धाकट्याला फोन. तो धावत आला, गाडी उचलून नेणारा ट्रक मिळवला, मला घरी सोडलं. वाटेत म्हणाला, "ताई, पुरे आता. कुठे जायचं ते मला सांगत जा. मी आहे ना!"

आहे, खरंच आहे. सख्खा भाऊ, कधी नाही म्हणत नाही. पण त्याला विचारून बाहेर पडायचं म्हणजे सुईदोरा आणायलाही अर्ज करायचा!

बुधवार, ६ मार्च

जुना रेडिएटर दुरुस्त होण्यातला नाही. मिस्त्री म्हणाला, "गाळणी झालीय त्याची." आई म्हणते, "अगं, विकून टाक ती आणि नवी घे." नव्या गाड्यांत बसून पाहिलंय मागे. हा ताठ पाय आत जातच नाही. हिचं दार रुंद, सीट खाली, आणि क्लच नाही — म्हणून तर बाबांनी ही म्हातारी शोधून आणली होती. माझ्यापेक्षा वयाने मोठी. लोक वळून बघतात, 'क्लासिक' म्हणतात. म्हणोत. माझा डावा पायच आहे ती.

शनिवार, ९ मार्च

नवा रेडिएटर आला. बसतो! अगदी मापात बसतो! मी टाळ्या वाजवल्या — जरा लवकरच.

गिअरबॉक्सचं तेल दोन लोखंडी नळ्यांतून रेडिएटरमध्ये येतं, थंड होऊन परत जातं. जुन्याला या नळ्यांची तोंडं बाजूला होती. नव्याला खाली. म्हणजे नळ्या वीतभर तोकड्या. शिवाय आटेही वेगळे. नट हाताने लावून पाहिला — एक फेरा घेतो आणि अडतो. धाकटा म्हणाला, "पान्याने दाबला की जाईल." "आटे मारशील!" मी ओरडलेच. दिवसभर चष्म्यांचे स्क्रू बसवणाऱ्या बाईला एवढं तरी कळतं.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "अडॅप्टर लागतील, दोन्हीकडचे आटे जुळवणारे. मधे रबरी नळी. करून बघू."

करून बघू! ऑपरेशनच्या आधी डॉक्टर असं म्हणाला तर? नळी सुटली तर सगळं तेल रस्त्यावर. गिअरबॉक्स जळाला की संपलं. याचा जोड आता कुठे मिळायचा नाही.

रविवार, १० मार्च

झोप नाही. डोळे मिटले की नळ्या.

मंगळवार, १२ मार्च

अडॅप्टर मिळाले. बोटांनी फिरवले, न अडखळता शेवटपर्यंत गेले — हुश्श!

धाकट्याने रजा घेतली होती. येताना बागेला पाणी घालायची नळी घेऊन आला! "रबर ते रबर." मिस्त्री हसला. "साहेब, गरम तेलात हिचं च्युइंगम होईल." मग तेलाची जाड नळी आणली. लोखंडी नळ्या कापून टोकांची कड जरा फुगवली, म्हणजे रबर निसटत नाही. वर क्लिपा. पंख्यापासून लांब बांधलं सगळं.

अडॅप्टर आवळताना मात्र जीव टांगणीला. एका पान्याने आवळायचं, दुसऱ्याने रेडिएटरचं तोंड धरून ठेवायचं. नाहीतर रेडिएटरच्या आतली तेलाची नळी पिळवटते, चिरते, आणि पाणी तेलात शिरतं. मिस्त्री आवळत होता, धाकटा गाडीखाली दुसरा पाना धरून, मी वर. "धरलंयस का? धरलंयस ना?" "धरलंय गं, बाई!" आणि मग — टक्!

"काय झालं?"

"काही नाही. पाना निसटला."

आवाज बदललेला वाटला त्याचा. की माझेच कान?

बुधवार, १३ मार्च

ते 'टक्' डोक्यातून जात नाही. दुकानात आज एका आजोबांना भलत्याच बाईंचा चष्मा चढवला. "छान आहे," म्हणाले — बिचाऱ्यांना दिसत कुठे होतं! हसले. पाणी शिरलं तर गिअरबॉक्सचं लाल तेल गुलाबी दुधासारखं होतं म्हणे. उद्या कळेल.

गुरुवार, १४ मार्च

मिस्त्रीने गाडीखाली पुठ्ठा पसरला. इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवले.

पुठ्ठ्यावर लाल थेंब!

"गळतंय!" मी ओरडले. मिस्त्री इंजिन बंद करायला सांगून खाली शिरला. "एक क्लिप ढिली आहे. घाबरता काय!" आवळली. परत चालू. पुठ्ठा कोरडा. मग तेलाची पट्टी पुसून बुडवली, बाहेर काढली. लाल. स्वच्छ, पारदर्शक लाल! दूध नाही, फेस नाही! मी मिस्त्रीचा खांदा इतका घट्ट धरला की तो "अहो अहो" करायला लागला.

धाकटा बाकावर बसून होता, डोकं हातात. म्हटलं, "अरे, बघ तरी!" "बघितलं. छान झालं." एवढंच. उठलासुद्धा नाही. मला रागच आला. गाडी बंदच राहावी असं याच्या मनात होतं की काय?

शनिवार, १६ मार्च

एकटी गेले! टेकडीच्या चढावरून, मुद्दाम. अर्ध्या वाटेत जळका वास आला. गाडी बाजूला घेतली, कुबडी टेकत उतरले, वाकून पाहिलं — नळ्या कोरड्या. पलीकडे कुणी पालापाचोळा जाळत होतं! एकटीच खदखदून हसले. वर गेले, खाली आले. गिअर लोण्यासारखे पडतात.

आईने दारातून विचारलं, "कोण सोडून गेलं गं?"

"मी!"

रविवार, १७ मार्च

धाकट्याचा फोन. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलत होता. "ताई, महिनाभर चक्कर येतेय मला. काल गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारच आला. डॉक्टर म्हणतात, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. उद्या तपासण्या आहेत... नेशील?"

किती वाजता, एवढंच विचारलं.