दोन्ही राहू द्या

लोहारा,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वरीस,

अनेक आशीर्वाद. तू आणि वैजनाथ खुशाल असाल. आई हैदराबादच्या गाडीत बसली तेवढं मी लांबून बघितलं. तिची बीपीची गोळी सकाळची हाय, ती विसरते.

इथं सगळं ठीक. भाकरी जमत न्हाय, भात लावतो.

तुझा कॉलेजातला कॉम्प्युटर आता मी तहसीलसमोरच्या माझ्या टायपिंगच्या टपरीत वापरतो. जुन्या विंडोजवर सरकारी साइटी उघडंनात. दुरुस्तीवाला उमाशंकर घरी आला नि म्हणाला, "सगळं पुसून नवं टाकू." तुझी आई आडवी आली. "पोरीचं हाय त्यात. दोन्ही राहू द्या." मग त्यानं डिस्कमधी जागा करून जुन्या विंडोजच्या शेजारी नवं लिनक्स टाकलं. आता चालू केलं की दोन नावं येतात, पाहिजे ते निवडायचं. मी लिनक्सच निवडतो. काल मुद्दाम विंडोज निवडलं. समोर तुझा फोटो आला, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकलेला. कामाला आलेली माणसं ताटकळली, मला उठवंना.

आई अशी अचानक का आली, ते तिनं सांगितलं का? मोबाइल बिघडला होता म्हणाली असंल. तशीच हाय ती.

मोबाइल बिघडला नव्हता. लिनक्स टाकलं त्या दिवशी इंटरनेटसाठी उमाशंकरनं तिचाच मोबाइल घेतला होता. तो सहज बोलला, "काकू, ज्ञानेश्वरीचा नंबर ब्लॉक केलाय व्हय? आत्ताच तिचा फोन येऊन गेला बघा."

तिनं माझ्याकडं बघितलं. उमाशंकरला चहा दिला. सकाळी पिशवी भरली.

तू माझ्या मनाविरुद्ध वैजनाथशी लग्न केलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी म्याच तो नंबर बंद केला. दोन वर्षं ती म्हणायची, "पोरीला फोन लावून द्या की." मी म्हणायचो, तिनं नंबर बदललाय. सणावाराला ती दारात बसायची, तवा एकदा म्हणालो, "विसरली ती आपल्याला." ती रडली. तरी मी खरं बोललो न्हाय.

तू फोन करत होतीस, आई उचलत नव्हती, असं तुला वाटलं असंल. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

हे तिला वाचून दाखव. तिच्यासमोर बोलायची माझी छाती झाली न्हाय. तिला परत धाडू नको, तिला पाहिजे तवर राहू दे.

मी तुझ्या दारात येऊ का, एवढंच कळव. येऊ नको म्हणालीस तरी दोन ओळी लिही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
अण्णा